तबकडी, सुई आणि स्पर्शिका



स्मृतिव्याख्यानात बहुधा साहित्य, इतिहास किंवा संतवाङ्मय यांचे विषय मांडले जातात. माझी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. लेथ, गेज आणि व्हर्निअर यांच्या पलीकडे माझा अधिकार फारसा नाही. गाण्याचा मात्र नाद आहे. म्हणून या दोहोंच्या सांध्यावरचा एक विषय मी निवडला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते भूमिती शिकवीत. वर्तुळाची स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते, हे प्रमेय त्यांनी फळ्यावर सिद्ध करून दाखवले, तेव्हा त्याचा बालगंधर्वांच्या गाण्याशी काही संबंध असू शकेल असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. तो संबंध काय आहे, हे आज सांगावयाचे आहे.

ग्रामोफोनची मूळ तबकडी कापली जाते तेव्हा कापणारे हत्यार एका स्क्रूवर बसवलेले असते. तबकडी फिरते आणि हत्यार कडेकडून मध्याकडे त्रिज्येवरून सरळ सरकत जाते. लेथवर पृष्ठभाग तासताना हत्यार जसे सरकते, अगदी तसेच. त्यामुळे तबकडीवर कोठेही पाहिले तरी हत्याराचे तोंड खाचेच्या स्पर्शिकेला धरून असते. परंतु वाजवताना आपण काय करतो? सुई एका लांब दांड्याच्या टोकाला लावतो आणि त्या दांड्याचे दुसरे टोक एका टेकूवर फिरते ठेवतो. दांडा टेकूभोवती फिरला म्हणजे सुई कंसात जाते. कापताना सरळ रेषा, वाजवताना कंस. सरळ रेषा आणि कंस हे दोनापेक्षा अधिक बिंदूंत एकमेकांना छेदत नाहीत, हेही गुरुजींनीच शिकवलेले. सर्व अडचणीचे मूळ येथे आहे.

अडचण मुळापासून नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एडिसनने १८७७ साली ध्वनी टिपला तो फिरत्या नळकांड्यावर. त्या यंत्रात नळकांडेच स्क्रूच्या आधाराने सुईखालून सरळ सरकत असे. कोनाची चूक शून्य. पुढे १८८७ मध्ये एमिल बर्लिनर याने चपटी तबकडी पुढे आणली, कारण एका साच्यावरून तबकड्या शेकड्यांनी छापता येतात. नळकांड्याचे तसे करणे फार कटकटीचे. म्हणजे उत्पादनाच्या सोयीसाठी भूमितीतली एक सचोटी सोडून द्यावी लागली. या व्यवहाराला मी नावे ठेवणार नाही. तबकडी स्वस्त झाली नसती, तर गाणे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून आपल्या गल्लीतील चहाच्या हॉटेलापर्यंत कधीच आले नसते.

आता थोडे गणित. श्रोत्यांनी घाबरून जाऊ नये. हे नववीच्या पलीकडचे नाही. समजा, टेकूपासून सुईच्या टोकापर्यंत २३० मिलिमीटर लांबीचा सरळ दांडा आहे आणि सुई तबकडीच्या मधल्या खिळ्यावरून बरोबर जाईल असा तो बसवला आहे. लाँग-प्लेच्या बाहेरच्या कडेशी, म्हणजे मध्यापासून १४६ मिलिमीटरवर, त्याची सुई स्पर्शिकेपासून साडेअठरा अंशांनी ढळलेली राहील. आतल्या टोकाला, ६० मिलिमीटरवर, साडेसात अंशांनी. यावर उपाय निघाला तो असा, की दांड्याचे डोके थोडे आत वळवावे आणि दांडा किंचित लांब करून सुई खिळ्याच्या पलीकडे काही मिलिमीटर पोचू द्यावी. वरच्याच लांबीच्या दांड्याचे डोके २४ अंशांनी वळवले, टेकू खिळ्यापासून २१२ मिलिमीटरवर रोवला आणि सुई खिळ्याच्या पुढे १८ मिलिमीटर आणली, तर त्याच तबकडीवर कोठेही चूक दोन अंशांच्या वर जात नाही, आणि दोन ठिकाणी ती अगदी शून्य होते: मध्यापासून ६६ मिलिमीटरवर आणि १२१ मिलिमीटरवर. एका वाकड्या मानेने एवढे साधते. ग्रामोफोनच्या दांड्याचे डोके वाकडे का, असे अनेक जण विचारतात. शोभा म्हणून ते वाकवलेले नाही.

ही युक्ती एका माणसाची नव्हे. इंग्लंडात पर्सी विल्सन यांनी १९२४ साली 'द ग्रामोफोन' या मासिकात सुईच्या मार्गाचा हिशेब मांडला. तेव्हा विजेवर चालणारी सुईदेखील घरोघर आलेली नव्हती. १९३८ मध्ये एरिक लॉफग्रेन यांनी जर्मन नियतकालिकात पुढचे पाऊल टाकले. कोनाची चूक सर्वत्र सारखी वाईट नसते, हे त्यांनी दाखवले. बाहेरच्या कडेशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. आतल्या टोकाला तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो, कारण फेरा तेवढ्याच वेळात पुरा होतो पण परीघ लहान असतो. तेच कंपन आत आखूड जागेत कोंबलेले असते. म्हणून तेवढाच कोन चुकला तरी आवाज आतल्या बाजूला अडीचपट बिघडतो. लॉफग्रेन यांनी कोन न मोजता कोन भागिले त्रिज्या ही राशी कमीत कमी कशी करावी, ते काढले. १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी तेच अधिक नेटके करून मांडले आणि आज जगभर वापरात असलेल्या मापपट्ट्यांवर बहुधा त्यांचेच नाव असते. विल्सन यांचा मान त्यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. प्रश्न प्रथम विचारणाऱ्याचे काम अधिक कठीण असते.

बिघाड म्हणजे नेमके काय होते? सुई तिरपी चालली की मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा एक नको असलेला स्वर मिसळतो. खाचेतील हालचालीचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर असेल आणि कोन दोन अंशांनी चुकलेला असेल, तर बाहेर ही भेसळ पाऊण टक्क्याहून कमी, आत मात्र पावणेदोन टक्क्यांच्या जवळ. एकटा स्वर असेल तर ती एक वेळ खपून जाईल, कारण दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरचा षड्जच. पण तानपुरा, हार्मोनियम आणि गळा हे एकदम वाजत असतात, तेव्हा त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच स्वर उमटतात आणि कानाला खरखर जाणवते. यात आपल्या संगीताची एक खास पंचाईत आहे. लाँग-प्लेच्या बाजूवर विलंबित ख्याल सुरू होतो तो कडेला, जेथे जागा ऐसपैस आहे. आणि द्रुतातल्या, गळ्याची कसोटी लागणाऱ्या ताना येतात त्या नेमक्या आत, जेथे खाच सर्वात गर्दीची. यंत्राची दुबळी जागा आणि मैफलीचा कळस एकाच ठिकाणी गाठ घेतात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कागदावर भूमिती चोख असली तरी कारखान्यात ती उतरते कशी? वरच्या मापांत सुई एकच मिलिमीटर पुढे सरकली, तर आतल्या टोकाला कोन जवळजवळ एक अंशाने बदलतो, बाहेर मात्र एक तृतीयांश अंशाने. म्हणजे चूक करायला एक मिलिमीटर पुरतो, आणि तीही नको तेथेच मोठी होते. सुई ज्या कार्ट्रिजमध्ये असते ते दोन स्क्रूंनी आवळतात. त्या स्क्रूंमधले अंतर अर्धा इंच. एक स्क्रू दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरचा पाचवा हिस्सा पुढे राहिला की एक अंश गेला. हे अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढे आहे. शिवाय टेकूच्या बेअरिंगला खेळ नको आणि अडखळही नको. खेळ राहिला तर सुई खाचेऐवजी दांडाच हलवते. बेअरिंग आवळले तर दांडा मोकळा फिरत नाही व खाचेची एक भिंत विनाकारण घासली जाते. ढिले आणि घट्ट यांच्या मधली ती अचूक जागा बोटांना कळते, नंतर मापाला. स्वस्त यंत्रे बनवणारे नेमके येथे पैसे वाचवतात. गिऱ्हाइकाला लाकडी पेटीचे पॉलिश दिसते, बेअरिंग दिसत नाही.

दांडा लांब केला तर कोनाची चूक आपोआप कमी होते, म्हणून बारा इंची दांडे निघाले; पण लांब दांडा जड, आणि जड दांडा वाकड्या तबकडीवर हेलकावे खातो. सुई पुन्हा सरळ रेषेतच न्यावी, एडिसनप्रमाणे, असाही प्रयत्न झाला. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसन कंपनीने १९७२ मध्ये तसे यंत्र बाजारात आणले. ते सुरेख होते आणि महागही. बहुसंख्य जग वाकड्या मानेवरच समाधानी राहिले.

आपल्याकडची कथा अधिक रंजक आहे. गौहरजान यांचे पहिले ध्वनिमुद्रण फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये केले. त्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोवरहून. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला छापखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडमला गेला. मुंबईत वडाळ्याच्या कारखान्यातून 'यंग इंडिया' या नावाच्या तबकड्या १९३० च्या दशकात निघू लागल्या. या तबकड्यांत घातलेली लाख जगभरातल्या कारखान्यांना पुरवली जाई ती प्रामुख्याने आपल्याच देशातून. पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्याने दिलेली लाख, तीत दगडाची भुकटी आणि काजळी, अशा त्या मिश्रणातून बालगंधर्वांचे नाट्यपद घरोघर पोचले. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत घेत रंगणारे पद साडेतीन मिनिटांत बसवावे लागे, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला त्याहून अधिक जागा नसे.

दगडाची भुकटी का घालीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या काळची पोलादी सुई आणि तिच्यावरचे साउंड-बॉक्सचे वजन शंभर ग्रॅमच्या पुढचे. भुकटीने सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासली जाऊन खाचेच्या आकाराची व्हावी, अशी ती योजना होती. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावा, असे बजावलेले असे. एकदा आकार घेतलेली सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की तिच्या धारेने दुसरी खाच सोलून निघते. पण डबीतल्या सुया जपून वापरणारी आपली काटकसरी घरे! एकाच सुईवर महिना काढल्याची फुशारकी मी अनेकांकडून ऐकली आहे. त्या घरांतल्या तबकड्या आज पाहिल्या की आवाजाच्या उंच जागी खाच पांढुरकी दिसते. तेवढे गाणे कायमचे गेलेले असते. पुढे विजेचे यंत्र आले तेव्हा सुई उडी मारते म्हणून दांड्यावर पंचवीस पैशांचे नाणे ठेवण्याचा उपाय गावोगाव चाले. नाणे सुमारे अडीच ग्रॅमचे. ज्या सुईवर पाच ग्रॅम भार अपेक्षित, तिच्यावर तो एकदम दीडपट झाला. सुई उडी मारत होती ती बहुधा दांडा बेअरिंगमध्ये अडकत होता म्हणून. औषध भलत्याच ठिकाणी दिले गेले.

तबकडीच्या छिद्राविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या संगीताचा प्राण तेथे गुंतला आहे. छापताना मधले छिद्र खाचांच्या खऱ्या केंद्रापासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाने सरकले असे समजा. आतल्या टोकाशी, साठ मिलिमीटर त्रिज्येवर, स्वर दर फेऱ्यात एक तृतीयांश टक्का वर आणि तेवढाच खाली जातो. एकूण डोल दोन तृतीयांश टक्क्यांचा. आपल्या शास्त्रातली प्रमाणश्रुती ८१ ला ८० या प्रमाणाची, म्हणजे सव्वा टक्क्याची. याचा अर्थ, दर १.८ सेकंदाला तानपुऱ्याचा षड्ज अर्ध्या श्रुतीने डोलतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित १९१० मध्ये पुस्तकरूपाने मांडले. ज्या परंपरेत एवढ्या बारकाव्यावर वाद होतात, तिच्या तबकडीला पंच मारताना छिद्र चुकले तर तो दोष आरशावरच्या भेगेसारखा आहे. पियानोचा सूर वाजून विरून जातो, त्यामुळे पाश्चात्य श्रोत्याला हे काही वेळ कळत नाही असे नाही. पण अखंड चालणारा तानपुरा ते क्षणभरही लपू देत नाही.

वेगाची चूक निराळी. अठ्ठ्याहत्तरच्या जागी सत्याहत्तर फेरे झाले तर सगळे गाणे जवळजवळ एका प्रमाणश्रुतीने उतरते. पण सगळेच उतरत असल्याने स्वरांची आपापसातली नाती बिघडत नाहीत. फक्त गायकाची पट्टी आणि लय बदलते. गंमत अशी, की 'अठ्ठ्याहत्तर' हा आकडाही संपूर्ण खरा नाही. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेखाली वेग तपासण्याच्या चकतीवर ७७ पट्टे असतात आणि ते स्थिर दिसतात तेव्हा फेरे होतात ७७.९२, अमेरिकेत ६० आवर्तनांवर ९२ पट्ट्यांनी ते होतात ७८.२६. शतकाच्या आरंभीच्या तबकड्या तर याहून कमीजास्त वेगाने कापलेल्या आहेत. त्या सगळ्या एकाच वेगाने वाजवून अमुक गायक पांढरी चारमध्ये गात असे, अशी विधाने करणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

सूक्ष्म मापाचे कौतुक आपल्या गावाला नवे नसावे. खान-इ-खानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या योजनेने येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले आहे. वरून एकेक उभी कुंडी खणायची आणि खाली अंधारात एकीचा तळ दुसरीला जोडायचा. दिशा चुकली तर बोगदे भेटायचे नाहीत. उतार उलटा झाला तर पाणी तुंबायचे. दांडा सुईपर्यंत नेणाऱ्या कारागिराचा आणि या बोगदेवाल्याचा प्रश्न मला एकाच जातीचा वाटतो. आपण ज्या जागी काम करतो तेथून ज्या जागी बसायचे आहे ती जागा दिसत नाही. मधे फक्त माप असते.

याच प्रश्नाचे सर्वात दूर गेलेले उदाहरण आपल्या भाषिकांना अभिमान वाटावा असे आहे. १९७७ च्या २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी आहे. तीत पृथ्वीवरच्या संगीतात गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. पहिले यान निघाल्यावर, म्हणजे ५ सप्टेंबरनंतर अकरा दिवसांनी केसरबाई निवर्तल्या. तबकडीचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे. एक फेरा ३.६ सेकंदांचा. हा काळ परक्या वाचकाला कळावा म्हणून हायड्रोजन अणूच्या एका ठरावीक बदलाच्या कालावधीत सांगितला आहे. वेष्टणावर तबकडीचे वरून दिसणारे चित्र आहे व सुई कडेला कोठे ठेवायची ते त्यात दाखवले आहे. आणि टूलरूममधल्या माणसाच्या नजरेत भरणारी बाब ही: यानात सुई दिली आहे, कार्ट्रिज दिले आहे, पण यंत्र नाही आणि दांडाही नाही. ज्याला ती भैरवी ऐकायची असेल त्याने दांडा स्वतः करावा. सुई त्रिज्येवरून सरळ न्यावी की वाकड्या मानेच्या दांड्याने कंसात, हे त्याने ठरवावे. पहिले यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, दुसरे २०१८ मध्ये.

आपल्यापुढचा प्रश्न मात्र इतका दूरचा नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे १९७० च्या सुमारास निघायच्या थांबल्या. ज्या उरल्या त्या घराघरांतील माळ्यांवर, उन्हाळ्यात वाकत, पावसाळ्यात बुरसत आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली संस्था आणि तिच्यासारखे काही हौशी त्या मिळवून, धुऊन, संगणकावर उतरवून ठेवतात. हे मोठेच काम आहे. तथापि, उतरवताना सुई अडीच अंशांनी तिरपी असेल, लाँग-प्लेची बारीक सुई जुन्या रुंद खाचेच्या तळाशी घासत असेल, छिद्र न सुधारता तबकडी डोलत असेल, तर ते दोष त्या प्रतीत कायमचे बसतात. लाँग-प्लेच्या सुईचे टोक पंचवीस मायक्रॉन किंवा त्याहून कमी त्रिज्येचे, जुन्या तबकडीचे सत्तरच्या आसपास. एकीचे काम दुसरीला देता येत नाही. मूळ तबकडी फुटली की ती वाईट प्रतच मूळ ठरेल, आणि पन्नास वर्षांनी ऐकणारा म्हणेल की त्या काळचे गवई जरा खरखरीतच गात. यंत्राच्या चुकीचे खापर गळ्यावर फुटेल. तबकड्या घरी असलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की त्या भंगारात घालू नयेत, आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात, आणि हाती आलेल्या पहिल्याच यंत्रावर वाजवूनही पाहू नयेत.

भौतिकशास्त्राच्या सरांनी व्यासपीठाशेजारी टेबलावर एक यंत्र मांडून ठेवले आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी कार्डबोर्डाची एक मापपट्टी केली आहे: खिळ्यात बसणारे छिद्र, त्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर त्रिज्येला लंब अशा समांतर रेषा. सुई ठिपक्यावर टेकवायची आणि कार्ट्रिजच्या कडा त्या रेषांशी जुळतात का, ते वरून एक डोळा मिटून पाहायचे. दोन्ही ठिपक्यांवर जुळेपर्यंत स्क्रू सैल करून पुन्हा आवळायचे. आरंभी दहा-पंधरा मिनिटे लागतात. आता सभा संपल्यावर ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. मुलांनी अगोदर, पालकांनी नंतर. मी टेबलाजवळ थांबतो.